जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा घरी दुरुस्त करताना : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील नवख्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या फियाट, पद्मिनी, अँबॅसेडर आणि जीप अजूनही बऱ्याच घरांच्या पडवीत किंवा गोठ्याशेजारी उभ्या दिसतात. त्यांचे इंजिन सुरू करून देणारा मिस्त्री गावात मिळतो. घोडे अडते ते पत्र्यापाशी. विम्याच्या कामांवर चालणाऱ्या गॅरेजांना खराब पॅनेल काढून नवे बसवण्याची सवय असते आणि या गाड्यांची नवी पॅनेल सहजी मिळत नाहीत, त्यामुळे बहुतेक ठिकाणी गंजावर पुट्टी थापून वरून रंग मारला जातो. असे काम एखादा पावसाळा तग धरते आणि मग फुगून येते. आमच्या घरातील पद्मिनीचा पत्रा मी अंगणातील शेडमध्ये एकेक भाग करून दुरुस्त केला. त्यातून जे कळले ते इथे क्रमाने मांडत आहे, म्हणजे पुढच्याचा गोंधळ तेवढा टळेल.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गंजाचे काम म्हणजे रंगाचे काम नव्हे. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतो. तो मूळ धातूपेक्षा कित्येक पट जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फोड येतात. आणि आपल्याला बाहेरून दिसणारा फोड बहुतेक वेळा आतल्या बाजूने पत्रा खात आलेला असतो. स्वच्छ, चकचकीत धातू लागेपर्यंत मागे जाणे आणि काम झाल्यावर आतली बाजू पाण्यापासून वाचवणे, या दोन गोष्टी ज्याने निगुतीने केल्या त्याचे काम टिकते. वरचा रंग कितीही महागडा असला तरी त्याने ही कसर भरून निघत नाही.

१. आधी कागदपत्रे

हत्याराला हात लावण्यापूर्वी पुढील गोष्टी एका फाइलमध्ये जमवून ठेवाव्यात.

- मूळ आरसी, आणि ती पूर्वीच्या मालकाच्या नावावर असल्यास हस्तांतराचे कागद
- चालू विमा
- चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक यांची कागद ठेवून पेन्सिलने घेतलेली छाप, आणि त्याच जागांचे स्पष्ट फोटो
- गाडी महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून आणली असल्यास तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८
- काम सुरू होण्यापूर्वीचे गाडीचे आतून, बाहेरून आणि खालून काढलेले फोटो

आपल्या भागात कोल्हापूर, चंदगड, सावंतवाडी किंवा गोव्याहून जुनी गाडी आणणे नित्याचे आहे. परराज्यातील गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल, तर तिला इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि इथला रस्ता कर भरावा लागतो. बेळगावसाठी केए २२ आणि चिकोडीसाठी केए २३ ही मालिका आहे. एनओसी हातात पडल्याशिवाय विक्रेत्याला पूर्ण रक्कम देऊ नये, कारण एकदा पैसे पोचले की कागदांसाठी सीमेपलीकडे खेटे घालण्याची वेळ घेणाऱ्यावर येते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून, गाडी निरीक्षकाला दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. नूतनीकरण रखडलेले असेल तर थकबाकी किती बसते ते आरटीओत आधीच विचारून घ्यावे; पत्र्यावर खर्च झाल्यानंतर तो आकडा कळणे त्रासाचे ठरते. आरसीवर रंगाचीही नोंद असते. मूळ रंग सोडून दुसरा देण्याचा विचार असेल, तर तो रंगवण्याआधी आरटीओला कळवून नोंदवून घेण्याची प्रक्रिया पार पाडावी.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षे टिकते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. ही नोंदणी हवी असेल तर मूळ आकार, मूळ जोड आणि मूळ भाग शक्य तितके राखूनच काम करावे आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो ठेवावेत.

चेसिस क्रमांकाच्या जागेवर काम सुरू होण्यापूर्वीच जाड चिकटपट्टी लावून ठेवावी आणि तिथे ग्राइंडर कधीही नेऊ नये. तो क्रमांक पुसट झाला तर गाडी कितीही सुंदर दिसो, तपासणीच्या दिवशी ती संशयित गाडी ठरते.

२. गाडी पारखून घेणे

पारखण्यासाठी मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक, एक जुना स्क्रू-ड्रायव्हर, हलकी हातोडी आणि उजेडाची बॅटरी एवढे पुरते. चुंबक पत्र्यावरून सावकाश फिरवावे. जिथे ते चिकटत नाही किंवा ओढ एकदम कमी होते, तिथे खाली पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. हातोडीने टकटक केल्यावर चांगला पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टीचा किंवा सडलेला भाग मात्र भद्द आवाज करतो. शंका आली तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक अंगठ्याच्या जोराने दाबावे; आत गेले तर तो भाग कापावाच लागणार. गाडी अजून दुसऱ्याची असेल तर या शेवटच्या चाचणीसाठी अर्थातच मालकाची परवानगी घ्यावी.

सतरंज्या आणि त्यांच्याखालचा नमदा उचलल्याशिवाय गाडी पाहिली असे म्हणू नये. पद्मिनीत आणि फियाटमध्ये पुढच्या दोन्ही पायांखालची जमीन, दरवाजांखाली गाडीच्या लांबीने जाणारी पोकळ पेटी म्हणजे सिल, दरवाजांची खालची कड, हेडलाइटच्या वाट्या, बॅटरीची तबकडी, स्टेपनीचा खड्डा आणि काचेच्या रबराखालची खोबण या जागा आधी खातात. अँबॅसेडरमध्ये डिकीची जमीन आणि मागच्या पाट्यांचे स्प्रिंग जिथे टांगलेले असतात त्या जागा विशेष पाहाव्यात. जीपला वेगळी चेसिस असल्यामुळे तिच्या बॉडीचा पत्रा गेला तरी गाडीचा कणा शाबूत राहू शकतो. फियाट, पद्मिनी आणि अँबॅसेडर यांचे तसे नाही. त्यांची बॉडी हाच त्यांचा सांगाडा आहे. सिल गंजली म्हणजे गाडीचा कणाच कमकुवत झाला, हे लक्षात ठेवून निर्णय घ्यावा.

आमच्या पद्मिनीची डावी सिल बाहेरून गुळगुळीत आणि रंगवलेली होती. चुंबक तिथे टिकेना म्हणून पटाशीने टोकरल्यावर पुट्टीची बोटभर जाड लादी निघाली. तिच्या आत बारीक जाळी, जाळीच्या मागे कोंबलेले गोणपाट, आणि गोणपाट हाताने दाबताच त्यातून पाणी टपकले. मागील मालकाने हे काम पैसे देऊन करून घेतले होते. अशी लपवलेली जागा एक सापडली की त्याच उंचीवरच्या बाकीच्या तिन्ही कोपऱ्यांत तसेच असणार, असे गृहीत धरावे.

गाडी कुठे वापरली गेली हेही विचारावे. गोव्यात किंवा मालवण-वेंगुर्ल्याकडे राहिलेल्या गाडीच्या सांध्यांत खारी हवा मुरलेली असते आणि तिथला गंज दिसतो त्याहून खोल असतो. खानापूर, जांबोटी, चंदगड भागातील गाड्यांच्या मडगार्डांच्या आत तांबड्या मातीचा लगदा बसलेला असतो आणि तो दिवाळीपर्यंत ओल धरून ठेवतो. मडगार्डाची आतली कड तिथूनच सडते. बैलहोंगल-सौंदत्तीच्या कोरड्या भागात राहिलेली गाडी मिळाली तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही.

पारख झाल्यावर गंजाचे तीन वर्ग पाडावेत : वरवरचा, पापुद्रे सुटणारा आणि आरपार गेलेला. पहिला ब्रशने व घासकागदाने जातो, दुसऱ्यासाठी घासून पत्र्याची उरलेली जाडी पाहावी लागते, तिसऱ्याला कापण्याशिवाय उपाय नाही. सिल, जॅक लावण्याच्या जागा, सस्पेन्शनचे आधार आणि सीटबेल्ट किंवा सीट बोल्ट होण्याच्या जागा तिसऱ्या वर्गात मोडत असतील, तर तेवढे वेल्डिंग अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. त्याआधीचे उघडणे, घासणे, माप घेणे आणि नंतरचे अस्तर, म्हणजे रंगाखालचे थर, हे सगळे आपण घरी करू शकतो, आणि खर्चाचा मोठा भाग तिथेच असतो.

३. हंगाम आणि जागा

जून ते सप्टेंबरमध्ये हे काम काढू नये. बेळगावच्या पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर रात्रीत तांबूस थर चढतो. गणेशोत्सव आणि दसऱ्याच्या आधी पेंटर व डेंटर यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. म्हणून दिवाळी झाली की गाडी उघडावी, वेल्डिंग फेब्रुवारीपर्यंत संपवावे आणि अस्तर व रंग मार्च-एप्रिलमध्ये करावेत. वळवाचा पाऊस सुरू होण्याआधी गाडीवर रंग चढलेला असावा. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी पत्र्यावर दव असते आणि ते डोळ्यांना दिसतेच असे नाही. त्या दिवसांत कुठे अस्तर मारावे लागलेच तर ते काम ऊन वर आल्यावर सुरू करून चार वाजण्यापूर्वी संपवावे.

जागा छपराची, सपाट जमिनीची आणि दोन बाजूंनी उघडी असावी. शेडमध्ये किंवा शेजारी कडबा, गवत किंवा शेणी रचलेल्या असतील तर त्या आधी हलवाव्यात. ग्राइंडरची ठिणगी वाटते त्याहून दूर उडते आणि गवतात तासभर धुमसत राहू शकते.

गाडी उचलून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांवर किंवा विटांवर ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. ती पूर्णपणे सोडून द्यावी. चिरा भार पेलत असताना काहीही इशारा न देता फुटतो. प्रत्येकी किमान २ टन क्षमतेचे चार लोखंडी स्टँड घ्यावेत आणि केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

४. लागणारे साहित्य

- १०० मिलिमीटरचा अँगल ग्राइंडर, त्याचे कटिंग चाक, फ्लॅप डिस्क आणि तारेचा वाटी-ब्रश. ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून टाकू नये
- ड्रिल मशीन आणि स्पॉट वेल्ड (कारखान्यात ठिपक्यांनी केलेले जोड) सोडवण्याचा कटर
- पत्र्याची कात्री, डेंटरची हातोडी आणि लोखंडी डॉली (पत्रा ठोकताना मागून धरायचा ठोकळा)
- वेल्डिंग स्वतः करणार असल्यास मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग यंत्र), गॅससह
- ०.८ ते ०.९ मिलिमीटर जाडीचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, जमिनीच्या आणि आधाराच्या भागांसाठी १.२ मिलिमीटरचा
- टू-के (हार्डनर मिसळून वापरायचा) इपॉक्सी प्रायमर, टू-के सरफेसर (रंगाआधी पृष्ठभाग गुळगुळीत करणारा थर), पॉलिएस्टर पुट्टी, सांध्यांत भरण्याचा सीलर आणि पोकळीत मारण्याचे मेण
- ८० पासून ८०० नंबरपर्यंतचे कागद आणि एक लांब, सपाट घासणीठोकळा
- डोळ्यांवर पूर्ण बंद गॉगल, कानांसाठी बोळे, चामड्याचे हातमोजे, फिल्टर बदलता येणारा मास्क
- पावडरचे अग्निशामक, वाळूची बादली आणि ओले गोणपाट

पत्रा घेताना दुकानदार बऱ्याचदा जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा पुढे करतो. तो लवकर गंजत नाही हे खरे, परंतु वेल्ड करताना त्यातून जस्ताचा धूर निघतो, जो छातीत गेल्यास ताप आणि थंडी भरते, आणि जोडही धड बसत नाही. साधा सीआर पत्राच मागावा. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत पत्रा कापून व वाकवून देणाऱ्या कार्यशाळा आहेत. पुठ्ठ्याचे माप नेले तर सिलचा लांब, सरळ भाग तिथे पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर स्वच्छ वाकवून मिळतो. हाताने तो इतका सरळ येत नाही.

मूळ जुने पॅनेल हवे असल्यास कुर्ल्याच्या भंगार बाजारात विचारावे. मुंबईच्या टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर पद्मिनीचे भाग मुबलक निघत. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती आणि २० वर्षांची मर्यादा संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती बंद झाली. आता जे आहे ते साठ्यातले आहे, त्यामुळे चांगला दरवाजा किंवा मडगार्ड दिसल्यास घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

५. उघडणे आणि आगीची काळजी

बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवाव्यात, डायनॅमो किंवा अल्टरनेटरची जोडणी काढावी, पेट्रोलची टाकी पूर्णपणे उतरवून शेडबाहेर ठेवावी. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीतल्या पेट्रोलपेक्षा जास्त धोक्याची असते; ती टाकी वेल्ड करण्याचा प्रयत्न घरी कधीही करू नये. सीट, सतरंज्या, छताचे कापड, रबरी पट्ट्या आणि ज्या भागात काम आहे तिथल्या तारांचे जुडगे काढावेत. काचा काढता येत नसतील तर ओल्या गोणपाटाने झाकाव्यात, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते ठिपके कायम राहतात.

निघालेला प्रत्येक स्क्रू आणि पट्टी वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवावी. पावसाळ्यापूर्वी जळके ऑइल गाडीखाली फवारण्याची सवय अनेकांना आहे. असे ऑइल आणि डांबर खालच्या बाजूला असेल तर वेल्डिंगच्या आसपासचा हातभर भाग आधी खरवडून आणि थिनरने पुसून काढावा. पत्र्याच्या एका बाजूला वेल्डिंग चालू असताना दुसऱ्या बाजूचे डांबर पेटते आणि ते वेल्डिंग करणाऱ्याला दिसत नाही. म्हणून दुसऱ्या बाजूला लक्ष ठेवायला माणूस हवाच, आणि दिवसाचे काम संपल्यावर निदान तासभर शेड सोडून जाऊ नये.

६. गंज काढणे

मोठ्या, सपाट पॅनेलवर वाटी-ब्रश आणि फ्लॅप डिस्क वापरावी, परंतु एका जागी दाबून धरू नये; पातळ पत्रा तापला की फुगतो आणि तो फुगवटा उतरवणे मूळ गंजापेक्षा कठीण असते. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता असते, म्हणून मास्क लावावा, कोरडी धूळ झाडू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी आणि मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे.

उद्यमबाग आणि मच्छे भागात फाउंड्री भरपूर असल्यामुळे शॉट ब्लास्टिंग सहज आणि स्वस्तात करून मिळते. या सोयीचा मोह बॉनेट, दरवाजे आणि छत यांच्या बाबतीत टाळावा. ओतकामासाठी लावलेल्या दाबाने लोखंडी गोळ्या पातळ पत्र्यावर आदळल्या की पत्रा ताणला जातो आणि लाटांसारखा वाकडा होतो. सस्पेन्शनचे हात, क्रॉसमेंबर, सीटचे सांगाडे, चाके अशा जाड भागांसाठी मात्र ही सोय उत्तम आहे.

बिजागऱ्या, कड्या, ब्रॅकेट असे छोटे भाग भिजवून साफ करावेत. एक लिटर पाण्यात सुमारे ५० ग्रॅम लिंबूसत्त्व हे प्रमाण पुरते. भाग रात्रभर ठेवून सकाळी पाहावा, ब्रशने घासावा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवावा. ऊसपट्ट्यात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना दुसरा एक उपाय जवळचा आहे. पशुखाद्याच्या दुकानात मळी (मोलॅसिस) मिळत असल्यास एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात भाग एक ते तीन आठवडे बुडवून ठेवावेत. मळी गंज खाते आणि चांगल्या पोलादाला जवळजवळ हात लावत नाही. वास उग्र येतो, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवावे, आणि अॅल्युमिनियम किंवा जस्ताचे ओतीव भाग त्यात टाकू नयेत, ते झिजून जातात.

संडास साफ करण्याचे आम्ल पत्र्यावर ओतण्याचा सल्ला कोणीतरी हमखास देते. गंज त्याने झपाट्याने निघतो, हे खरे आहे. परंतु त्यातील क्लोराइड सांध्यांत मागे राहते, धुऊनही पूर्ण निघत नाही, आणि रंगाखालून गंज पुन्हा उठतो. आम्ल वापरायचेच असेल तर फॉस्फोरिक आम्लाचे तयार द्रावण घ्यावे, ते सांध्यांपासून दूर ठेवावे आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे धुऊन पूर्ण वाळवल्यावरच पुढे जावे. त्याचा ओला अंश वर राहिला तर इपॉक्सी प्रायमर धरत नाही.

७. कापणे आणि जोडणे

सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ आणि विचार इथे द्यावा.

सिल किंवा दरवाजाच्या चौकटीचा भाग कापायचा असेल, तर आधी गाडी स्टँडवर अशी ठेवावी की तिचे वजन सस्पेन्शनच्या आधारांवर येईल, आणि चौकटीत लोखंडी चौरस नळी वेल्डचे छोटे टाके मारून तिरपी बसवावी. दरवाजा आणि चौकट यांमधील फट चारही बाजूंनी मोजून खडूने पत्र्यावरच लिहावी. एका वेळी एकाच बाजूची सिल कापावी. ती पूर्ण जोडून झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात लावू नये. हा क्रम पाळला नाही तर बॉडी मध्यभागी बसते आणि त्यानंतर दरवाजे कधीच नीट लागत नाहीत.

किती कापायचे हा प्रश्न नवख्याला नेहमी पडतो. छिद्राच्या कडेपासून ग्राइंडरने घासत बाहेर यावे आणि जिथे दोन्ही बाजूंना स्वच्छ, पूर्ण जाडीचा पत्रा लागेल तिथे रेघ मारावी. ही रेघ छिद्रापेक्षा बरीच मोठी निघते, आणि ती पाहून मन कचरते. तरीही तिथेच कापावे. पातळ झालेल्या कडेला वेल्डिंग टेकवले की ती वितळून भोक आणखी मोठे होते आणि माणूस छिद्राच्या मागे धावत राहतो. रेघ शक्यतो सरळ ठेवावी आणि कोपरे गोल करावेत.

मग पुठ्ठ्याचा साचा करावा. कॅलेंडरचा किंवा बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा भोकावर ठेवून कड रेखून घ्यावी, वाकणाच्या रेघा त्यावर मोडून पाहाव्यात, आणि तो गाडीवर नेमका बसल्यावरच पत्रा कापावा. तुकडा आणि गाडी यांच्यात पत्र्याच्या जाडीएवढी फट राहू द्यावी, म्हणजे वेल्ड आतपर्यंत उतरतो. तुकड्याची मागची बाजू जोडल्यावर दिसणार नाही, म्हणून तिला जोडण्यापूर्वीच कडेचा भाग सोडून प्रायमर लावावा.

साध्या आर्क वेल्डिंगने ०.८ मिलिमीटरचा पत्रा जळतो, आणि गॅस वेल्डिंगची उष्णता इतकी पसरते की सपाट पॅनेल वाकडे होते. या कामाला मिगच योग्य. ०.६ किंवा ०.८ मिलिमीटरची तार घ्यावी, घरातील वीजजोडणी मशीनचा भार घेईल का ते वायरमनकडून तपासून घ्यावे, आणि गाडीवर जाण्यापूर्वी त्याच जाडीच्या टाकाऊ पत्र्यावर भरपूर सराव करावा. सरावाचा तुकडा उलटून पाहावा; मागच्या बाजूलाही वेल्ड उतरलेला दिसत नसेल तर जोड फक्त वरून चिकटला आहे.

गाडीवर प्रथम चार कोपऱ्यांत टाके मारावेत, मग मध्ये, मग त्यांच्या मध्ये, असे करत टाके दोन-तीन सेंटिमीटरवर आणावेत. शेजारी शेजारी टाके मारू नयेत. एक टाका इथे, पुढचा हाताच्या अंतरावर, आणि मध्ये हात टेकवता येईल इतका पत्रा थंड होऊ द्यावा. सलग रेघ ओढण्याची घाई झाली की पत्रा वेडावाकडा झालाच. मूळ गाडीत जिथे स्पॉट वेल्ड होते, तिथे वरच्या पत्र्याला ६ मिलिमीटरची भोके पाडून ती भरून घ्यावीत; ताकद आणि दिसणे दोन्ही मूळच्या जवळ जातात. शेवटी फ्लॅप डिस्कने वेल्ड उतरवताना शेजारचा पत्रा पातळ होणार नाही याकडे लक्ष द्यावे.

सिलच्या तळाला मूळची पाणी जाण्याची छिद्रे असतात. नव्या तुकड्यात ती त्याच जागी पाडावीत. अनेक ‘दुरुस्त’ सिल याच कारणाने पुन्हा सडतात, कारण दुरुस्ती करणाऱ्याने पाण्याला बाहेर जाण्याची वाटच ठेवलेली नसते.

८. अस्तर आणि पुट्टी

उघडा पत्रा मेण व तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने पुसून, त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. रात्रभर उघडा ठेवू नये. प्रमाण आणि दोन हातांमधील वेळ डब्यावर लिहिलेली असते, ती तंतोतंत पाळावी. स्वस्त रेड ऑक्साइड गंजावर थेट लावणे म्हणजे गंज झाकणे होय, थांबवणे नव्हे.

पुट्टी ही वेल्डची रेघ आणि हातोडीचे बारीक खड्डे लपवण्यासाठी असते. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त लागत असेल, तर पुन्हा हातोडी आणि डॉली घ्यावी. पॉलिएस्टर पुट्टी पाणी शोषते, म्हणून ती कोरडीच घासावी. ८०, मग १८०, मग ३२०. आपल्याकडे पाणी ओतत वॉटर पेपर मारण्याची सवय इतकी मुरलेली आहे की पेंटरच्या हातातला पाइप खुद्द मालकाने थांबवावा लागतो. पाणी लावायचे ते सरफेसर पूर्ण वाळल्यानंतर, ४०० पासून पुढे.

पॅनेलच्या सांध्यांत सीलर भरणे विसरू नये. तो प्रायमरवर आणि रंगाच्या आधी भरला जातो.

९. रंग

इथे माझा सल्ला अनेकांना आवडणार नाही. अस्तरापर्यंतचे सगळे काम घरी करावे आणि वरचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग बंदिस्त फवारणी-बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्यावा. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट ही घातक रसायने असतात, ते श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि बाजारातील साधा कापडी किंवा कागदी मास्क त्यांना अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मास्क घरी कोणाकडे नसतो, आणि फवारा शेजाऱ्यांच्या घरातही जातो. गाडी पेंटरकडे देताना लेखी ठरवावे की त्याने अस्तर पुन्हा उघडे करू नये, कुठेही पाणी लावून उघडा पत्रा ठेवू नये आणि जास्तीची पुट्टी मालकाला दाखवल्याशिवाय भरू नये.

१०. आतल्या पोकळ्या आणि पुढची देखभाल

रंग पक्का झाल्यावर सिल, दरवाजे, चौकटीचे खांब आणि बॉनेटच्या फासळ्या यांच्या आत लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळीचे मेण मारावे. ते पाणी जाण्याच्या छिद्रांतून ठिबकू लागले की आतवर पोचले असे समजावे. मग ती छिद्रे तारेने मोकळी करावीत. हे काम दिसत नाही म्हणून ते सर्वात आधी टाळले जाते, आणि आमच्या गाडीच्या सिल आज कोरड्या आहेत त्या मुख्यतः याच एका कामामुळे.

मडगार्डाच्या आत आणि खाली रबरी अंडरकोट मारावा, परंतु तो फक्त प्रायमर लावलेल्या स्वच्छ पत्र्यावर. गंजावर मारलेला अंडरकोट पाणी आत कोंडून ठेवतो.

मेण दर दोन वर्षांनी, मे महिन्यात, पावसाआधी पुन्हा मारावे. चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, मडगार्डाच्या कडांतील तांबडी माती बोटाने काढावी, आणि सतरंज्या उचलून पायाखालची जमीन ओली नाही ना ते हाताने चाचपावे. पावसाळ्यात गाडी प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली घट्ट बांधून ठेवू नये. हवा खेळती असलेल्या छपराखाली, काचा बोटभर उघड्या ठेवून उभी केली तर आतली ओल निघून जाते.